ढाक्याची साईट घे

बेळगाव

चि. अनघा हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस, पुण्यात पगार चांगला आहे, ऑफिस चांगलं आहे, मग बांगलादेशात चिखल तुडवायला कशाला जायचं? आईनेही तुझीच री ओढली. तेव्हा मी फार बोललो नाही, कारण सांगायचं होतं ते फोनवर मावण्यासारखं नव्हतं. तुला देऊ केलेली ढाक्याची ती साईट तू घ्यावीस असं मला मनापासून वाटतं.

तुझं आत्ताचं काम बघ. कर्ज मनिलाच्या आशियाई विकास बँकेचं, मुख्य कन्सल्टंट युरोपातला, रस्ता व्हिएतनाममधला आणि ड्रॉइंग तुझ्या टेबलावर. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि मालाबरोबर सेवांचा व्यापारही करारात आला. ड्रॉइंगला व्हिसा लागत नाही, माणसाला लागतो. त्यातून आपल्या पोरापोरींना कामं मिळाली, हे चांगलंच झालं. आमच्या वेळी डिप्लोमा झालेल्या पोराला कंत्राटदाराचं दार सोडून दुसरं दार ठाऊक नव्हतं. पण या वाटणीत आकडेमोड आपल्याकडे आली आणि निर्णय तिकडेच राहिला. पूल कुठे घ्यायचा, भराव किती उंच करायचा, कुठला पर्याय सोडून द्यायचा, हे जिथे ठरतं त्या बैठकीत तू नसतेस. सल्लागार इंजिनिअरला लोक पैसे मोजतात ते त्याच्या निवाड्यासाठी, आणि निवाडा करायला तुला अजून कुणी बसवलेलंच नाही.

खानापूरकडच्या रस्त्याचं ते काम मी तुला पूर्वी ओझरतं सांगितलं होतं, आज नीट सांगतो. दूरच्या शहरातल्या एका सल्लागार कंपनीने मोऱ्यांची, म्हणजे रस्त्याखालून नाल्याचं पाणी काढून देणाऱ्या वाटांची, ड्रॉइंगं पाठवली होती. पावसाचा आकडा धरला होता जिल्ह्याच्या सरासरीचा. आता आपला जिल्हा कसा आहे? कणकुंबीला कोकणासारखा कोसळतो आणि अथणीकडे लोक ढगाकडे डोळे लावून बसतात. या दोन्हींची सरासरी काढली तर ती कुठल्याच गावाची होत नाही. नाल्याच्या काठी एक जांभळीचं झाड होतं. तिच्या बुंध्याला मागच्या पुराचा गाळ आणि काटक्या माझ्या छातीपर्यंत चिकटलेल्या. शेजारच्या शेतातल्या आजोबांनी काठी टेकवून दाखवलं, पाणी इथवर येतं. ड्रॉइंगमधला पाईप त्याच्या निम्म्यावरही पोचत नव्हता. आम्ही वर कळवलं, उत्तर आलं की डिझाइन मंजूर झालेलं आहे, तसंच करा. पावसाळ्यात मोरीसकट रस्ता वाहून गेला आणि पलीकडच्या वाडीची शाळेची पोरं कितीतरी दिवस अडकली. ज्याने ते ड्रॉइंग काढलं तो हुशारच असणार, पण त्याला ते झाड कुणी दाखवलंच नव्हतं. तू आज त्याच्याच खुर्चीत आहेस, पोरी. माझा जीव तुटतो तो यासाठी.

बाहेरून येणारं ज्ञान वाईट असतं असं मी कधीच म्हणणार नाही. २००४ साली मंजूर झालेल्या जागतिक बँकेच्या कर्जातून बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं, चालवायला फ्रेंच कंपनी होती. दिवसाआड, कधी त्याहून उशिरा पाणी भरणाऱ्या बायांच्या घागरी थांबल्या. मोठंच काम ते. मला आस्था आहे ती एवढ्याचीच, की अशी विद्या आपल्या माणसांच्या हातात किती उरते.

टेंडरची रीत तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. सल्लागार निवडताना सहसा आधी तांत्रिक पाकीट उघडतात, मग पैशाचं. तांत्रिक पाकिटात मार्क कशाला? कंपनीने केलेल्या तशाच कामांना आणि मुख्य माणसांच्या सीव्हीला. त्यात साईट नाही, परदेशातलं काम नाही, की टीम लीडर म्हणून नाव लागत नाही. आशियातल्या स्थानिक कंपन्यांचंही हेच झालंय. अनुभव नाही म्हणून मोठं काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. मग परदेशी कंपनीची जोडीदार होऊन सर्व्हे, माती तपासणी आणि परवानग्या करत राहायचं. काही कर्जांना तर अटच असते की माल किंवा तंत्रज्ञ कर्ज देणाऱ्या देशाचे घ्या.

यातून सुटले ते बाहेर पडले म्हणूनच. वॅपकॉस १९६९ची, राइट्स १९७४ची, दोन्ही आपल्या सरकारी सल्लागार कंपन्या. अफगाणिस्तानात हेरातकडचं सलमा धरण वॅपकॉसच्या हातून झालं, २०१६ साली उद्घाटन झालं. आणि तुझ्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते विश्वेश्वरय्या १९०६ साली एडनला पाण्याची योजना बघायला गेले होते. मुसी नदीच्या १९०८च्या पुरानंतर हैदराबादने त्यांनाच सल्लागार इंजिनिअर म्हणून बोलावलं.

बांगलादेशाला कमी लेखू नकोस. २०१२ साली जागतिक बँकेने पद्मा पुलाचं १.२ अब्ज डॉलरचं कर्ज रद्द केलं. वाद सुरू झाला होता देखरेखीच्या कन्सल्टंटच्या कंत्राटातल्या भ्रष्टाचाराच्या आरोपावरून. पुढे कॅनडातल्या कोर्टात आरोपी निर्दोष सुटले. त्या देशाने स्वतःच्या पैशाने पूल उभा केला आणि २०२२च्या जूनमध्ये तो सुरू झाला. एवढ्या गाळाच्या, सरकत्या नद्यांच्या मुलखात काम केलेल्या माणसांकडून तुला शिकायला मिळेल. भाषेची धास्ती तुला कशाला? घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी अशी तू वाढलीस. बंगाली चार महिन्यांत कानात बसेल. काठी टेकवून पाणी दाखवणारे आजोबा तिथेही भेटतील.

आईची समजूत मी घालतो. तू मात्र होकार कळवण्याआधी करारात तुझं पद काय लिहिलंय ते बघ. नुसतं ‘सपोर्ट स्टाफ’ असेल तर बदलून घे, सीव्हीत त्याला किंमत नाही. विमा आणि सुट्टीचं विमानभाडं लिहून घे. आणि जाण्याआधी फिडिकचं लाल पुस्तक, म्हणजे बांधकाम कंत्राटाच्या आंतरराष्ट्रीय अटींचं पुस्तक, १९९९ची आवृत्ती, क्लेमच्या कलमापर्यंत तरी वाचून काढ. कंत्राटदाराने २८ दिवसांत नोटीस दिली नाही तर जादा पैसे किंवा मुदत मागण्याचा त्याचा हक्क जातो, आणि ती नोटीस येणार आहे तुमच्याच टेबलावर. कराराची प्रत मला व्हॉट्सॲपवर पाठव, वाचून लगेच फोन करतो.

तुझे,
बाबा