गडी आधी, डावपेच मग

प्रिय विनय,

बेसबॉल संघाचा प्रशिक्षक झालास, अभिनंदन! पण पत्रातलं ते ‘यंदा नुसतं पळायचं, बेस चोरायचे, बंट करत राहायचं’ वाचून मी थबकलो. म्हणजे फटक्याची वाट न पाहता पुढच्या बेसकडे धूम ठोकायची, नाहीतर बॅट आडवी धरून चेंडू जवळच थोपवायचा आणि स्वतः बाद होऊन आपला गडी पुढे सरकवायचा! अरे, अजून तू पोरांना नीट खेळताना पाहिलेलंही नाहीस!

तुझ्या डोक्यात १९८२ चे सेंट लुईस कार्डिनल्स असणार, ठाऊक आहे मला. प्रशिक्षक व्हायटी हर्झॉगच्या त्या संघाने मोसमात अवघे ६७ होम रन (थेट मैदानाबाहेरचे फटके) मारले, २०० बेस चोरले, आणि २१६ होम रनवाल्या मिलवॉकी ब्रुअर्सला वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत सात सामन्यांत हरवलं. पण त्यांचं घरचं मैदान केवढं प्रशस्त होतं! त्यात कृत्रिम हिरवळ, त्यामुळे जमिनीलगतचा फटका सुसाट सुटायचा. हर्झॉगने गडीही तसेच चपळ जमवले होते. उलट बाल्टिमोरचा प्रशिक्षक अर्ल वीव्हर. त्याला बंटचा तिटकारा. दोघं बेसवर जाऊ द्या आणि तिसऱ्याने होम रन ठोकावा, हे त्याचं गणित. त्याच्याकडे तसे ठोकणारे होते.

आता तुझंच बघ. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर दोन दणकट पोरं आहेत म्हणतोस. मग दुसऱ्याला बंट कशाला करायला लावतोस? पहिल्या बेसवर गडी आणि एकही बाद नाही, अशा स्थितीतून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये सरासरी सुमारे ०.९ धावा निघतात. दुसऱ्या बेसवर गडी आणि एक बाद असेल, तर ०.७ च्या आसपास. म्हणजे एक बाद फुकट देऊन वर धावाही घटतात. शिवाय पहिला बेस मोकळा झाला, की समोरचे तुझ्या दणकट पोराला खुशाल वॉक, म्हणजे फटक्याविना पहिला बेस, देतील. तो बॅट खांद्यावर ठेवून चालत जाणार आणि तू बघत बसणार!

बंट मुळीच नको असं नाही. नवव्या इनिंगमध्ये बरोबरी, शेवटची फलंदाजी आपली, एका धावेत सामना खिशात, आणि बॅटवर कच्चा गडी, तर बेलाशक कर. मोठ्या इनिंगचा लोभ तिथे काय कामाचा?

चोरीचंही तसंच. चारातल्या तीनदा जमत नसेल तर घाट्याचा सौदा. २००४ मध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत यँकीजविरुद्ध चौथ्या सामन्यात एका धावेने मागे असताना बॉस्टनने डेव्ह रॉबर्ट्सला पळायला मुद्दाम आत आणलं. तो चोरणार हे सगळ्या मैदानाला ठाऊक, तरी त्याने दुसरा बेस गाठला आणि पुढच्या फटक्यावर बरोबरी साधली. ते काम रॉबर्ट्सचं. तुझ्या जाड्या कॅचरला (फलंदाजामागे बसणाऱ्याला) पळवलंस तर मी येऊन तुला ओरडेन.

त्याच्यासाठी हिट अँड रन, म्हणजे चेंडू टाकताच धावायचं आणि फलंदाजाने तो मारायचाच, हेही जपून. फलंदाजाचा चेंडू हुकला तर हा धावणारा आयताच सापडेल.

क्रम ठरवण्याआधी कोण कुणाच्या मागे फलंदाजीला येतो, कुणाची बॅट सहसा हुकत नाही, वॉक कोण मिळवतो, हे लिहून पाठव. पहिल्या सामन्यातल्या समोरच्या कॅचरचा हात (फेक) कसा आहे तेही विचारून ठेव. मग बसून भांडू.

तुझा,
मकरंद