एक टाइल बसवायला किती दिवस लागतात, साहेब?

माननीय क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. मुलगी चौदाची, फ्रीस्टाइल पोहते. गेल्या गुरुवारी पहाटे सरावात टर्न मारताना तलावाच्या भिंतीवरच्या फुटक्या टाइलने तिच्या पायाचा तळवा कापला. कारखान्यातला डागी टॉवेल गुंडाळून तिला रिक्षात घातली. पाच टाके. निवड चाचणी नऊ दिवसांवर होती.

टाइल फुटलीय हे मी जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधीच लेखी दिलं होतं. 'आठ दिवसांत बदलतो,' म्हणाले. कुठल्या महिन्यातले आठ दिवस, ते मी विचारलं नाही. चूक माझीच. मधल्या काळात दारावर पाहुण्यांच्या नावाची नवी पाटी मात्र वेळेत लागली.

आमचा तलाव २५ मीटरचा, स्पर्धा ५० च्या तलावात. आमच्याकडे १०० मीटरला तीन टर्न, तिकडे एकच. भिंतीला पाय देऊन मिळणारा जोर दोनदा कमी. पुण्याच्या बालेवाडीत पहिल्यांदा पोहून आली तेव्हा म्हणाली, "पप्पा, भिंतच येईना." तेव्हापासून महिन्यातून दोनदा सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून पुणे, पोरीचा सराव, माझा खाडा. तीन वर्षांत सव्वा लाख गेले असतील. बायको म्हणते दोन.

पाण्याचं तर बोलूच नका. उजनी ११७ टीएमसीची आणि आमचा नळ चार दिवसांआड. उन्हाळा लागला की पहिलं कुलूप तलावाला. "एवढं पाणी पोहायला?" असं एका साहेबांनी मला तोंडावर विचारलं. अहो, तेच पाणी गाळून परत फिरवतात, रोज नवं भरत नाहीत! खुर्चीवर बसण्याआधी एकदा पंपाच्या खोलीत तरी डोकावायचं.

कोल्हापूरचा वीरधवल खाडे १६ व्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला. २०१० साली ग्वांगझूत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं. आशियाई स्पर्धेत पोहण्यातलं आपलं आधीचं पदक १९८६ चं, खजानसिंगचं. मग सरकारने वीरधवलला तहसीलदार केलं. नोकरी दिली, उपकार झाले. पण ज्याचे हात पाण्यात हवेत त्याच्या हातात सातबारा! आपल्याकडे खेळाडूचं भलं करायचं म्हणजे त्याला टेबलामागे बसवायचं, एवढंच सुचतं. पदक आलं की हार-तुरे, शाल, फोटो. पदकाआधीची दहा वर्षं आईबापाने निस्तरायची.

केटी लेडेकीने लंडनला ८०० मीटरचं सुवर्ण घेतलं तेव्हा ती १५ ची होती. माझ्या पोरीला श्रावणात पंधरावं लागतं. सध्या ती पलंगावर पालथी पडून हात मारते आणि मोबाइलवर वेळ लावते. आई रागावते, चादर फाटेल म्हणून.

५० मीटरचा तलाव मागायला बसलो होतो, पण आता तेवढं मागायचं धाडस नाही. टाके बुधवारी निघतील. तोवर ती एक टाइल बसवून घ्या. सिमेंट मी आणून देतो, गवंडीही आमच्या गल्लीतलाच आहे. फक्त कुलपाची किल्ली कुणाकडे असते तेवढं कळवा.

आपला,
एका पोहणारीचा बाप, सोलापूर