प्रवेश परीक्षेचे गणित इंग्रजीत अडते

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बारावीची लेखी परीक्षा संपली की आमच्या लालबागच्या चाळीत पूर्वी कॅरम बाहेर निघत असे. आता त्याच गॅलरीत मुले सराव प्रश्नसंचांचे गठ्ठे घेऊन बसलेली दिसतात. कनिष्ठ महाविद्यालयातून गणित शिकवून निवृत्त झाल्यावर गेली काही वर्षे मी येथील मंडळाच्या अभ्यासिकेत संध्याकाळी दोन तास बसते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आहेत. त्यांच्या तयारीत एक गोष्ट मला सतत खटकते आणि तिच्याकडे आपल्या वाचकांचे, विशेषतः पालकांचे व प्राध्यापकांचे, लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा होते. आपल्या राज्यानेही २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए या व्यवस्थापन व संगणकाच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, घेण्यास सुरुवात केली आणि त्या परीक्षेत सर्वांत मोठा वाटा इंग्रजीचा ठेवला. अभियांत्रिकीची सीईटी तर पूर्वीपासूनच आहे. त्यामुळे ज्या घरांत ‘टक्के किती पडले’ एवढाच प्रश्न विचारला जाई, तेथे आता गणिताला एक क्लास आणि इंग्रजीला दुसरा क्लास अशी दुहेरी फी भरली जाते. दोन्ही क्लास आपापल्या जागी बरे असतीलही, पण मुलांचे गुण जातात ते या दोन विषयांच्या मधल्या फटीत, आणि ती फट बुजवणे हे कोणाचेच काम नाही.

उदाहरण देते. तीन नाणी फेकली असता ‘ॲट लीस्ट’ दोन छापे मिळण्याची संभाव्यता किती, हा अगदी साधा प्रश्न. एकूण शक्यता आठ. त्यांपैकी नेमके दोन छापे तीनदा आणि तिन्ही छापे एकदा, म्हणून उत्तर चार अष्टमांश, म्हणजेच एक द्वितीयांश. अभ्यासिकेतील एका हुशार मुलीने तीन अष्टमांशवर खूण केली. मी तिला तोच प्रश्न ‘किमान दोन छापे’ असा मराठीत विचारला, तर कागद हातात न घेता तिने अचूक उत्तर दिले. अडचण संभाव्यतेची नव्हतीच. ‘लीस्ट’ म्हणजे सर्वांत कमी एवढे तिला ठाऊक होते, म्हणून सर्वांत कमी तेवढे दोनच छापे तिने मोजले. प्रश्न काढणाऱ्याला ही चूक पुरेपूर माहीत असते, त्यामुळे तीन अष्टमांश हा पर्याय तेथे मुद्दाम ठेवलेला असतो.

वजाबाकीची गंमत तर याहून बारीक आहे. आपण ‘बारामधून पाच वजा करा’ म्हणतो, तेव्हा बारा आधी येतात आणि मांडणीही त्याच क्रमाने होते. ‘सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह’ या इंग्रजी वाक्यात पाच आधी येतात, बारा नंतर. आकडे असले तर मूल सावरून घेते. पण त्या जागी दोन लांबलचक बैजिक राशी आल्या आणि घड्याळ चालू असले, की हात वाक्यातील क्रमानेच लिहू लागतो. ‘एक्सीड्स’, म्हणजे ‘पेक्षा जास्त असणे’, या शब्दाचेही तेच. आपल्या वर्गापेक्षा जास्तीत जास्त मोठी असणारी संख्या शोधा, या नेहमीच्या प्रश्नात संख्येतून तिचा वर्ग वजा करायचा असतो. एका मुलाने नेमके उलट केले. अवकलन बिनचूक, उत्तरही एक द्वितीयांश आले, पण किंमत कमाल की किमान हे ठरवणारे सेकंड डेरिव्हेटिव्ह धन निघाल्यामुळे ‘ही तर किमान किंमत झाली’ म्हणून त्याने हाती आलेले बरोबर उत्तर खोडले. डेरिव्हेटिव्ह न तपासणाऱ्या शेजारच्या मुलाचे मात्र बरोबर आले, हा आणखी एक विनोद.

दुसरीकडे इंग्रजीची तयारी म्हणजे शब्दांच्या याद्या. लोकलमध्ये दाराशी लटकतानाही मुले मोबाइलवर समानार्थी शब्द घोकताना दिसतात. त्यांच्या चिकाटीचे मला कौतुकच आहे, पण अशा याद्यांतून जे शब्द मिळतात त्यांची गाठ वर्षातून एकदा पडते आणि ज्यांची ओळीओळीला पडते ते कच्चेच राहतात. ‘ही हार्डली स्टडीड’, म्हणजे त्याने जेमतेमच अभ्यास केला, या वाक्याचा अर्थ ‘त्याने कसून अभ्यास केला’ असा सांगणारी मुले मला दरवर्षी भेटतात. ‘अनलेस’, ‘ऑलदो’, ‘रिस्पेक्टिव्हली’ यांचीही तीच कथा. उताऱ्यावरील प्रश्न असोत की वाक्यांचा क्रम लावण्याचे, सारी मदार याच लहान शब्दांवर असते. शहरातील एका क्लासने तर तीन हजार शब्दांचे पुस्तक देऊन उताऱ्यांना ‘वेळ मिळाल्यास’ या रकान्यात टाकले होते. त्या क्लासला जाणाऱ्या मुलीने मला ते वेळापत्रक दाखवले तेव्हा हसावे की रडावे कळेना.

सवयींचा प्रश्न आहेच. बारावीच्या ऐंशी गुणांच्या गणिताच्या पेपराला तीन तास मिळतात आणि उत्तर चुकले तरी पायऱ्यांचे गुण हाती लागतात. अभियांत्रिकीच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न असतात आणि चुकीला दंड नसतो. सीयूईटीत २०२५ पासून प्रत्येक विषयाला ६० मिनिटांत ५० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात, चुकल्यास एक गुण कापला जातो. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि त्यातच प्रश्न वाचणे आले. ‘निगेटिव्ह मार्किंग आहे, खात्री नसेल तर हात लावू नका’ असे मुलांना सरसकट सांगितले जाते. हा सल्ला बारावीच्याच गणिताने तपासून पाहावा. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला, तर चारांत एकदा पाच गुण मिळतील आणि तीनदा एकेक जाईल. सरासरी अर्धा गुण पदरात पडतो. एक पर्याय निश्चित चूक म्हणून बाद करता आला तर ती सरासरी एक गुणावर जाते, दोन बाद झाले तर दोनवर. सरासरी म्हणजे हमी नव्हे, हे मी मुलांना बजावते. तरीही अर्धवट जमलेला प्रश्न भीतीपोटी कोरा सोडणे हे नुकसानच आहे, आणि ते गणिताच्या विद्यार्थ्याने तरी करू नये.

अभ्यासिकेत आम्ही फार मोठे काही करत नाही. गणिताचा प्रश्न सोडवण्याआधी तो मराठीत मोठ्याने सांगायचा, मगच पेन उचलायचे. इंग्रजी वर्तमानपत्रातील अर्धा स्तंभ वाचून लेखकाने कोठे वळण घेतले ते वाक्य शोधायचे आणि मजकूर तीन मराठी वाक्यांत सांगायचा. चुकांची वही ठेवायची आणि त्यात चूक गणिताची होती की वाचनाची, हे खरेखरे लिहायचे. त्या वहीत दुसऱ्या प्रकारच्या चुका निम्म्याहून अधिक निघाल्या, तेव्हा मुलांपेक्षा मीच चकित झाले, कारण इतकी वर्षे फळ्यासमोर उभी राहून मी त्या सगळ्यांना ‘सिली मिस्टेक’ म्हणत आले होते.

कनिष्ठ महाविद्यालयांना माझी विनंती आहे की अकरावीपासून आठवड्याचा एक तास गणिताच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी एकत्र घ्यावा. त्यासाठी नवीन पद लागत नाही, अनुदान लागत नाही. वेळापत्रकात थोडी जुळवाजुळव लागते. दुपारनंतर कुलूपबंद असणाऱ्या संगणक प्रयोगशाळाही शनिवारी उघडाव्यात, कारण ज्यांच्या घरी संगणक नाही अशी मुले पडद्यावरचा लांब उतारा आयुष्यात प्रथम थेट परीक्षा केंद्रातच वाचतात.

एक विनंती आपल्यालाही. निकालाच्या दिवसांत आपल्या दैनिकात गुणवंतांच्या मुलाखती येतात. त्याऐवजी, किंवा त्यांच्याबरोबर म्हणा, आठवड्यातून एकदा छोट्या चौकटीत इंग्रजीतील एकच गणिती प्रश्न छापावा आणि तो कसा सोडवावा याऐवजी कसा वाचावा हे खाली चार ओळींत मराठीत सांगावे. पहिले दहा प्रश्न निवडून, टिपणांसह पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
लालबाग, मुंबई