साष्टी-घारापुरीवर ऑक्सफर्डचं बक्षीस

महोदय,

काव्यस्पर्धांवरच्या आपल्या लेखात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या न्यूडिगेट काव्यपारितोषिकाचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. त्यात ऑस्कर वाइल्डचं नाव आलं. आपल्या दारातली गोष्ट मात्र राहिली.

विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी १८०६ पासून चालत आलेली ही स्पर्धा. कवितेचा विषय आधीच जाहीर व्हायचा. १८३९ चा विषय होता ‘साल्सेट अँड एलिफंटा’, म्हणजे मुंबईची आपली साष्टी आणि लेण्यांची घारापुरी! बक्षीस पटकावलं वीस वर्षांच्या जॉन रस्किनने (पुढे नावाजलेला कलासमीक्षक), तेही तिसऱ्या खेपेला. ऑक्सफर्डच्या शेल्डोनियन सभागृहात त्याने कविता म्हणून दाखवली तेव्हा श्रोत्यांत खुद्द कवी वर्डस्वर्थ होते.

रस्किन ना तोवर हिंदुस्थानात आला होता, ना पुढे कधी आला. लेणी त्याने पाहिली ती पुस्तकांतून. कवितेच्या शेवटी लेण्यांतले हे देव मावळतील आणि ख्रिस्ताचा प्रकाश पडेल अशी आशा आहे. तेव्हाच्या ऑक्सफर्डला हेच ऐकायचं होतं. परीक्षकांची नाडी ओळखायला मुलांना वेळ लागत नाही, हे शाळेतल्या निबंधस्पर्धांचे पेपर तपासलेल्या कुणालाही ठाऊक असेल.

रेजिनाल्ड हेबरची कथा तर याच्या उलटी. त्याला १८०३ मध्ये ऑक्सफर्डचं काव्यपारितोषिक मिळालं ते ‘पॅलेस्टाइन’ या कवितेसाठी. पॅलेस्टाइन त्याने पाहिलेलं नव्हतं. पुढे तो कलकत्त्याचा बिशप झाला आणि १८२५ मध्ये घारापुरीला जाऊन आला. ज्याने लेणी पाहिली त्याला विषय दुसरा, आणि ज्याला विषय मिळाला त्याने लेणी पाहिली नाहीत. त्या मानाने वाइल्डचं नशीब चांगलं. १८७८ चा विषय निघाला ‘रव्हेना’, आणि तो आदल्याच वर्षी त्या गावी जाऊन आला होता. (बाईला हे बक्षीस मिळायला १९२७ उजाडावं लागलं, हेही लेखात यायला हवं होतं.)

दिलेल्या विषयावर चांगली कविता होत नाही, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे समस्यापूर्तीची, म्हणजे दिलेल्या ओळीवरून कविता पुरी करण्याची परंपरा आहेच. पण रस्किनचं पुढे काय झालं ते पाहा. सत्तावनचा उठाव भडकल्यानंतर, १८५८ च्या एका व्याख्यानात त्याने भारतीय कलेवर सडकून टीका केली, ती निसर्गाकडे बघतच नाही म्हणून. घारापुरीची ती भव्य त्रिमूर्ती एकदा तरी समोर उभं राहून पाहिली असती तर? आणि याच माणसाच्या ‘अन टू धिस लास्ट’ या पुस्तकाने १९०४ मध्ये गांधीजींची झोप उडवली, त्यातून ‘सर्वोदय’ आला. माणूस एकच.

ही कविता कुणीतरी टिपांसह मराठीत आणावी आणि आपण ती रविवारच्या पुरवणीत छापावी, एवढीच विनंती. सोबत घारापुरीच्या त्या दगडी हत्तीचा फोटोही द्या. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं, तो आता भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारात उभा आहे. बागेत येणारे बरेचजण त्याच्याकडे न बघताच पुढे जातात.

आपला,
एक नियमित वाचक