टबात केंदाळ नको, कुमुदिनी लावा

महोदय,

मृग लागायच्या सुमारास कोल्हापूरच्या रोपवाटिकांत गर्दी होते. अलीकडे त्या गर्दीत टबात वाढणाऱ्या पाणवनस्पती मागणारेही पुष्कळ असतात. गच्चीवर किंवा पोर्चमध्ये सिमेंटचा टब ठेवून त्यात पाणफुले फुलवायची ही हौस चांगलीच आहे. मात्र विकणारे बऱ्याचदा जांभळ्या फुलांचे केंदाळ म्हणजे जलपर्णी, किंवा गोंडाळ, साल्विनिया असली पाण्यावर तरंगणारी तणे हातात देतात. माती लागत नाही, खत लागत नाही, मरत नाही, म्हणून घेणाराही खूश असतो. याच न मरण्याबद्दल हे पत्र आहे.

केंदाळ मूळचे दक्षिण अमेरिकेतले. पोषक पाणी मिळाले की दोन आठवड्यांत त्याचा पसारा दुप्पट होतो. टब भरला की जास्तीची रोपे कुणी गटारात टाकतो, कुणी सरळ तळ्यात. मुद्दाम टाकली नाहीत तरी ती जातातच. जुलैत झड लागली की टब काठोकाठ भरून वाहतो. मग रोपे गच्चीच्या पाइपातून गटारात, गटारातून जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत पोचतात. रंकाळ्यातले आणि नदीतले केंदाळ काढायला यंत्रे, डंपर आणि माणसे लावावी लागतात, हे आपण सगळे पाहतो. केंदाळ फोफावते ते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर, त्यामुळे सांडपाणी थांबल्याशिवाय ते हटणार नाही हे खरे. पण तोवर घराघरातून त्याचा पुरवठा तरी होऊ नये. त्याचे बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते, म्हणजे आज वाहून गेलेले एक रोप पुढच्या पिढीलाही उपसावे लागेल.

लहान टबासाठी आपल्याच मातीतली एक देखणी वनस्पती आहे, कुमुदिनी. शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका. कास पठाराजवळच्या कुमुदिनी तळ्यावर पावसाळ्याच्या शेवटी जी पांढरी फुले दिसतात, तीच ही. पान हृदयाच्या आकाराचे, पाण्यावर सपाट तरंगणारे. फूल रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान, पाच पाकळ्यांचे, घसा पिवळा आणि पाकळ्यांवर दाट पांढरी लव. एक फूल एकच दिवस टिकते, सकाळी उमलते आणि दुपारनंतर मिटते. पण देठावर कळ्यांचा झुपका असतो, त्यामुळे फुलांची माळ महिनोन्‌महिने चालू राहते. रोपवाटिकेत तिला ‘वॉटर स्नोफ्लेक’ म्हणतात. कमळ किंवा मोठी लिली दीड फुटी टबात कुढत राहते. कुमुदिनीला तेवढी जागा पुरते.

टब तोंडाला दीड ते दोन फूट रुंद आणि एक ते सव्वा फूट खोल असावा. त्यात साधारण ६० लिटर पाणी मावते. सिमेंटच्या टबासकट हे वजन शंभर किलोच्या आसपास जाते, म्हणून गच्चीच्या मधोमध न ठेवता तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवावा. नव्या सिमेंटच्या टबात रोप लगेच लावू नये. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पाणी अल्कधर्मी होते आणि आठवड्याभरात पानांच्या कडा जळतात. टब भरून पाच-सहा दिवस ठेवावा, पाणी ओतून द्यावे आणि असे निदान तीन वेळा करावे. पहिल्या खेपेला पाण्यात कपभर व्हिनेगर घातले तर काम लवकर होते. या चुन्यामुळे गेलेली रोपे ‘उन्हाने गेली’ म्हणून सोडून दिली जातात.

मातीच्या बाबतीत तर हमखास चुकते. कुंडीसाठी मिळणारे कोकोपीट-गांडूळखताचे तयार मिश्रण इथे अजिबात चालत नाही. ते पाण्यावर तरंगते, उरलेले कुजते. प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणारा गाळ, आपल्या भागात स्वस्त आणि मुबलक मिळते, पण पुरते न कुजलेले प्रेसमड पाण्याखाली गेले की आंबते, बुडबुडे येतात, पाणी काळे पडून वास मारते आणि मुळे सडतात. ताज्या शेणाचेही तेच. लागते ती जड, चिकट माती. शेतातली काळी माती किंवा नदीकाठचा पोयटा तीन भाग आणि वर्षभर कुजलेले, वास न येणारे शेणखत एक भाग घ्यावे. नुसती तांबडी माती पाण्यात गढूळ होत राहते आणि तिच्यात कसही कमी असतो.

ही माती टबात न पसरता सहा ते आठ इंच रुंदीच्या उथळ कुंडीत भरावी. कुंडीचे भोक गोणपाटाच्या तुकड्याने बंद करावे. खत तळाच्या थरात, वर नुसती माती आणि सगळ्यात वर इंचभर धुतलेली जाड वाळू किंवा बारीक खडी. वाळू नसेल तर डासांसाठी टबात सोडायचे मासे माती उकरतात आणि पाणी कधीच नितळत नाही. कुंडी आधी बादलीत भिजवून सगळी हवा निघू द्यावी, मगच टबात तिरपी करून सावकाश उतरवावी.

कुमुदिनीचे रोप करण्याची पद्धत फार सोपी आहे. तरंगणाऱ्या पानाच्या खाली, देठाला जिथे कळ्यांचा झुपका येतो, त्याच पेरावर मुळे फुटतात आणि नवे रोप तयार होते. असे मुळे फुटलेले पान खाली दोन-अडीच इंच देठ ठेवून कापावे. पेर वाळूच्या जेमतेम खाली दाबावे आणि पान पाण्यावर मोकळे सोडावे. रोप तरंगून वर येऊ नये म्हणून देठावर छोटा खडा ठेवावा. सुरुवातीला मातीवर दोन-तीन इंचच पाणी हवे. त्यासाठी कुंडी विटांवर ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत नवी पाने आली की एकेक वीट काढत पाणी सहा ते दहा इंचांपर्यंत न्यावे. एकदम खोल पाण्यात सोडलेले लहान रोप पृष्ठभागापर्यंत पोचण्यातच आपला सगळा साठा संपवते.

ऊन रोज पाच-सहा तास थेट मिळायला हवे. त्याहून कमी असेल तर पाने येतात, फुले नाहीत. मग लोक खत वाढवतात आणि शेवाळ येते. मात्र एप्रिल-मेमध्ये गच्चीवरचा लहान टब दुपारी चांगलाच तापतो. त्या दोन महिन्यांत बारा ते साडेतीन हिरवी जाळी धरावी आणि उडालेले पाणी संध्याकाळी भरावे. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून घालावे. बोअरचे पाणी जड असते, त्याचा पांढरा थर पानांवर धरतो. दुसरे पाणी नसेल तर पावसाचे साठवून वापरावे.

खत म्हणून डीएपीचे पाच-सहा दाणे कागदाच्या पुडीत बांधून महिन्यातून एकदा मुळांपासून दोन बोटे लांब मातीत खोल खोचावेत. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते, तेव्हा बंद. पाण्यात विरघळणारे खत टबात ओतू नये. पाणी हिरवे होण्याचे बहुतेक कारण हेच असते. पाणी हिरवे झाले म्हणून सगळे बदलू नये, कारण नव्या पाण्याबरोबर नवे क्षारही येतात आणि चार दिवसांत ते पुन्हा हिरवे होते. पानांनी निम्मा पृष्ठभाग झाकला की ते आपोआप निवळते. लांब दोऱ्यांचे शेवाळ काडीला गुंडाळून काढावे. मोरचूद टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने मासे आणि गोगलगायी मरतात आणि कुमुदिनीलाही इजा होते.

पानांना अंडाकृती तुकडे कापल्यासारखी भोके दिसली आणि ते तुकडे पाण्यावर तरंगत असले, तर ती एका पतंगाची अळी असते. ती दोन तुकड्यांच्या मधे घर करून राहते. तुकडे वेचून ठेचले की काम झाले. मावा पडला तर पान पाण्याखाली दाबून हलवावे, मासे तो खातात. साबणाचे पाणी किंवा कीटकनाशक फवारू नये. जुनी पाने पिवळी पडतात हा रोग नाही. ती आठवड्याला काढून टाकावीत, म्हणजे कुजणार नाहीत. पाने एकमेकांवर चढून पाण्याबाहेर उभी राहू लागली की कुंडी भरली असे समजावे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रोप विभागून नव्या मातीत लावावे.

डासांचा प्रश्न रास्त आहे. गप्पी मासे न सोडता पाण्याचा टब ठेवणे म्हणजे शेजाऱ्यांना डेंगी देणे. ६० लिटरला चार-सहा गप्पी पुरतात. ते वाढले तरी त्यांनाही तळ्यात सोडू नये, ते बाहेरचे आहेत.

टबाला काठाच्या दोन इंच खाली भोक पाडून आतून बारीक जाळी लावावी, म्हणजे पावसात पाणी जाईल पण मासे आणि रोपांचे तुकडे आत राहतील. कुमुदिनी इथली असली तरी हे पाळायलाच हवे. तिचीच भारतीय बहीण, निम्फॉइडिस क्रिस्टाटा, अमेरिकेतल्या फ्लोरिडात तळी आणि कालवे व्यापून बसली आहे. ज्या पाण्यात पोषणाचा अतिरेक आहे, तिथे रंकाळा असो की कळंबा तलाव, जास्तीचे काहीही नेऊन सोडू नये. काढलेली रोपे फरशीवर उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवावीत आणि मगच खताच्या खड्ड्यात टाकावीत. घरी आता केंदाळ असेल तर पावसाने टब भरण्याआधी ते असेच वाळवावे. फुले येऊन गेली असतील तर टबाच्या तळाचा गाळही काढून वाळवावा.

रोपे कास किंवा राधानगरीच्या परिसरातून उपटून आणू नयेत. दोन्ही ठिकाणे पश्चिम घाटाच्या २०१२ मध्ये जाहीर झालेल्या जागतिक वारसा स्थळात येतात. रोपवाटिकाचालकांनी एक मातृटब राखला तर पानाच्या पेरापासून हंगामात डझनावारी रोपे करता येतात, तेव्हा केंदाळ विकण्याची गरज नाही. महापालिकेच्या उद्यान विभागानेही असे टब ठेवून नागरिकांना रोपे द्यावीत. विकत घेताना पेराला मुळे फुटलेली आहेत ना, हे पाहावे. आणलेले रोप धुऊन आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवावे. पिशवीतल्या पाण्याबरोबर साल्विनियाचा नखाएवढा तुकडा आला असेल, तर तो तोवर वाढून दिसतो आणि बोटाने उचलून काढता येतो.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर