दहावीच्या तोंडी परीक्षेत गटचर्चेला जागा द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. त्यामुळे माझ्या वर्गातली मुले हा विषय नऊ-दहा वर्षे शिकत आलेली असतात. धडा वाचतात, पत्र लिहितात, प्रश्नांची उत्तरे नीट लिहितात. पण स्वतःच्या मनाने दोन वाक्ये बोल म्हटले की माना खाली जातात.

दोष मुलांचा नाही. वर्गात ६० मुले आणि तासिका ३५ मिनिटांची. हजेरी वजा जाता उरतात ३० मिनिटे. एकेकाला उभे करून बोलते केले तर वाट्याला अर्धे मिनिट येते, आणि तेही सगळ्या वर्गाच्या नजरा झेलत. पाच-पाच जणांचे गट करून २० मिनिटे चर्चा ठेवली, तर त्याच मुलाला चार मिनिटे मिळतात. समोर चारच जण, तेही रोजचे सोबती. चुकले तरी कुणी हसत नाही, कारण पुढची पाळी हसणाऱ्याचीच असते.

माझ्या वर्गात एकदा विषय होता, आठवडी बाजारात प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद कराव्यात का. आधी तीन मिनिटे मराठीत विचार करायचा, मग इंग्रजीत बोलायचे. ‘आय अ‍ॅग्री’, ‘आय डोन्ट अ‍ॅग्री बिकॉज’ अशी चार-पाच सुरुवातीची वाक्ये फळ्यावर लिहिलेली. हुशार मुलांनीच बोलत राहू नये म्हणून प्रत्येकाला तीन चिंचोके दिले होते. बोललात की एक मधे टाका. चिंचोके संपले की गप्प बसून इतरांचे ऐका. आईबरोबर बाजारात भाजी विकणारी एक मुलगी, एरवी हजेरीशिवाय तोंड न उघडणारी, म्हणाली, “नो बॅग, कस्टमर गो नेक्स्ट गाडी.” समोरच्याने लगेच उत्तर दिले, “देन ऑल गाडी नो बॅग!” त्यावर तिने तिसरा चिंचोका टाकला, “हू विल चेक?” व्याकरण कच्चे होते, पण मुद्दा पक्का होता आणि तो तिचा स्वतःचा होता. मी मधे टोकले नाही. चुका वहीत टिपल्या आणि शेवटी कुणाचे नाव न घेता फळ्यावर सुधारून घेतल्या. असे रोज नसले तरी आठवड्यातून एकदा झाले, तर वर्षअखेर फरक कानाला कळतो.

याला अडचणी आहेत आणि त्या मी झाकणार नाही. वर्गात गलका होतो, आणि गलका म्हणजे शिकवणे बंद, असा समज शाळांमध्ये खोलवर रुजला आहे. मुले मधेच मराठीवर येतात. आम्हा शिक्षकांपैकी अनेकांना स्वतःला इंग्रजीत वाद घालायची सवय नाही. पण याचा मार्ग सरकारने पूर्वीच पाहिला आहे. ‘तेजस’ उपक्रमात राज्य आंग्ल भाषा संस्था, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनी प्राथमिक शिक्षकांचे गट उभे केले. शिक्षक एकत्र जमून इंग्रजी कसे शिकवावे यावर बोलत. जी पद्धत शिक्षकांसाठी चालली, ती दहावीच्या वर्गापर्यंत पोहोचायला हवी.

आता मुख्य मुद्दा. शाळेत जे शिकवले जाते, ते परीक्षा ठरवते. मार्च २०१९च्या परीक्षेत भाषांचे २० तोंडी गुण काढले, दहावीचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी ते गुण परत देण्यात आले. त्या वेळी बोलणे झाले ते मुख्यतः टक्केवारीवर. पण त्या २० गुणांसाठी मुले बोलतात काय? मी पाहिलेल्या तोंडी परीक्षांत पाठ केलेली कविता किंवा ‘मायसेल्फ’च्या दहा ओळी. मुले घोकतात, आम्ही गुण मांडतो. हीच मुले पुढे कॅम्पस मुलाखतीला किंवा सैन्यदलात अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या मुलाखतीला जातात, तेव्हा त्यांच्यासमोर पहिल्यांदा गटचर्चा येते. शहरातल्या मुलांना तिचा सराव असतो, आमच्यांना नसतो, आणि तिथे मागे पडणारे मूल समजते की आपल्यातच काही कमी आहे. हे बघवत नाही, साहेब.

म्हणून मागणी एवढीच. इंग्रजीच्या त्या २० गुणांपैकी १० गुण वर्षभर घेतलेल्या गटचर्चांना द्या. आठवड्यातून एक जोडतासिका त्यासाठी वेळापत्रकात ठेवा. केंद्रावरच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षकांना आधी स्वतः गटचर्चा करायला लावा. आणि कृपा करून यासाठी नवे ॲप किंवा रोजचे फोटो अपलोड करणे लावू नका, नाहीतर चर्चेचा वेळ त्यातच जाईल. तोंडी परीक्षा जवळ आल्यावर परिपत्रक निघाले तर पुन्हा पाठांतरच होईल. ते जूनमध्ये, शाळा उघडण्याआधी निघावे.

आपली विश्वासू,
मराठी माध्यमाच्या शाळेतील एक इंग्रजी शिक्षिका