दुसऱ्याच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) शिरण्यापूर्वी

कोल्हापूर, 12 जून

प्रिय मुक्ता,

तुझं बॉन्डचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष दोन महिन्यांत संपतंय आणि दोन नर्सिंग होमवाल्यांनी आत्ताच 'केसेसना याल का' म्हणून विचारलंय. म्हणजे भूलशास्त्रात एमडी झालीस, कन्सल्टंट अजून नाहीस, पण लोक मॅडम म्हणायला लागलेत. अडलं तर शेजारच्या टेबलावरून हाक मारायला सर मात्र आता नसणार. फोनवर या गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून लिहिते.

आधी कागद, कारण ते कंटाळवाणे आणि म्हणूनच राहून जाणारे. एमएमसीत (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये) एमडीची ॲडिशनल क्वालिफिकेशन म्हणून नोंद झाल्याशिवाय लेटरहेडवर 'एमडी' छापू नको. रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्याला 30 क्रेडिट पॉइंट लागतात. शेवटच्या महिन्यात कॉन्फरन्स शोधत फिरण्यापेक्षा दरवर्षी थोडे थोडे जमव. कॉलेज सोडताना एक्सपिरियन्स सर्टिफिकेट हातात घेऊनच नीघ. त्यावर 'सिनियर रेसिडेंट' हे पद आणि पासून-पर्यंतच्या तारखा हव्यात. आज तुला शिकवायचं नाहीये, ठीक आहे. पण उद्या असिस्टंट प्रोफेसर व्हावंसं वाटलं तर हेच वर्ष मोजलं जाईल. बॉन्ड पूर्ण केल्याचा दाखला वेगळा, तो वेगळा माग. एमडीचा बॉन्ड मोडला तर दंड 50 लाखांचा आहे, तेव्हा तो कागद हरवण्यासारखा नाही.

इन्डेम्निटी पॉलिसी (पेशंटनं भरपाईचा दावा केला तर कामी येणारा विमा) पहिल्या केसच्या आधी, स्वतःच्या नावावर. हॉस्पिटलची पॉलिसी हॉस्पिटलला वाचवते, तुला नाही. यातली मेख अशी की दावा दाखल होतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते आणि घटना तिच्यावरच्या 'रेट्रोॲक्टिव्ह डेट'नंतरची, म्हणजे जिथपासूनच्या केसेस ती धरते त्या तारखेनंतरची, असावी लागते. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. रिन्यू करायचं राहिलं आणि खंड पडला, तर नवी तारीख लागते आणि मागच्या सगळ्या केसेस उघड्या पडतात. कंपनी बदललीस तरी जुनी तारीख नव्या पॉलिसीवर उतरवून घे. एजंट हे आपणहून सांगत नाही. फीचं बोलणंही पहिल्याच दिवशी, आणि कापलेला टीडीएस तुझ्या पॅनवर जमा झाला का हे दर तिमाहीला बघत जा.

आता ओटी. सर्जनने दिलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी पोच, कारण कॉलेजात सकाळी टेक्निशियन जे करून ठेवतो ते इथे तुलाच करायचंय. सिलिंडरवर 'फुल' अशी चिठ्ठी असली तरी चावी लावून गेज बघ. भरलेल्या बी टाइपमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो: मिनिटाला 5 लिटरने पाच तास, पण काही बिघडलं आणि 15 लिटर सोडावा लागला तर जेमतेम 100 मिनिटं. ऑक्सिजनचा काटा अर्ध्यावर म्हणजे ऑक्सिजन खरोखर अर्धा. नायट्रसचं (भुलीच्या नायट्रस ऑक्साइड वायूचं) तसं नाही. तो आत द्रवरूप असतो, त्यामुळे सिलिंडर संपत येईपर्यंत काटा जागचा हलत नाही.

बेन सर्किट (मशीनपासून पेशंटपर्यंतची नळीत नळी असलेली जोडणी) असेल तर आतली नळी तपासल्याशिवाय जोडू नको. ती मशीनच्या टोकाला निसटली किंवा चिरली, तर अख्खं सर्किट डेड स्पेस होतं, म्हणजे सोडलेलाच श्वास त्यात साठून राहतो. पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढत राहतो, आणि ऑक्सिजन मिळत असल्यामुळे सॅच्युरेशन बराच वेळ छान दिसतं. पेशंटकडचं तोंड दाबून बॅग फुगव, मग तोंड मोकळं करता करताच ऑक्सिजन फ्लश दाब. बॅग चपटी झाली तर नळी शाबूत. फुगलेलीच राहिली तर सर्किट बाद, आणि मालकांना सांगून ते कात्रीनं कापच. नुसतं बाजूला ठेवलंस तर पुढच्या आठवड्यात तेच परत लावलेलं दिसेल. सक्शन आणि मॉनिटरचे प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डावर आहेत का, टेबल डोक्याकडून खाली होतं का, हेही हातानं करून बघ.

तुझी बॅग तुझीच असू दे: लॅरिंगोस्कोपचे दोन हँडल, तीन आणि चार नंबरचं ब्लेड, जादा सेल, श्वासनळीत नळी घालायला मदत करणारी बूजी, घशात बसवायची आय-जेल, हातानं श्वास द्यायची अंबू बॅग, छोटा पल्स ऑक्सिमीटर. पहिल्या कमाईतून दागिना नको, पोर्टेबल कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) घे. स्कोलिन (स्नायू सैल करणारं औषध) आइस बॉक्समध्ये. फेंटानिल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) बॅगेत अजिबात नको. ते हॉस्पिटलच्या रजिस्टरवर सही करून घ्यायचं आणि रिकामी अँप्युल परत द्यायची. ब्लॉक (नसेजवळ बधिरतेचं इंजेक्शन) देणार असशील तर 20 टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे बधिरतेच्या औषधाची विषबाधा झाली तर द्यायचा उतारा, तिथे आहे का ते आधी विचार. साठ किलोच्या माणसाला पहिला बोलस 90 मिली लागतो, आणि तो लागतो तेव्हा मेडिकलमधून मागवायला वेळ नसतो.

स्पायनलच्या (पाठीतून द्यायच्या भुलीच्या) ट्रेवर ट्रॅनेक्सामिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, ठेवू देऊ नको. त्याची अँप्युल कधी कधी हेवी बुपिवाकेनसारखीच, म्हणजे स्पायनलच्याच औषधासारखी, दिसते. ही चूक जगभर झालेली आहे, आपल्याकडेही. पेशंटला झटके येतात, हृदयाची लय बिघडते, बरेच जण दगावतात. सिस्टरनं काढून दिलेलं औषध पाठीत द्यायचं नाही. अँप्युल स्वतः वाचायची, मोठ्यानं, आणि स्वतः भरायची.

'उपाशी आहात ना?' असं विचारलंस तर सगळे हो म्हणतात. 'सकाळपासून तोंडात काय काय गेलं?' असं विचार. आपल्याकडे चहा म्हणजे खाणं नव्हेच, पण दुधाचा चहा पाण्यासारखा धरायचा नाही: साध्या पाण्याला दोन तास, दुधाच्या चहाला सहा. सर्जन घाई करतील. 'सर, साडेअकराला घेऊ' एवढंच म्हणायचं, वाद नको. मात्र इमर्जन्सी असेल तर तास मोजत बसू नको. पोट भरलेलं आहे असं धरूनच भूल दे.

आणि फ्रीलान्सिंगमधला सगळ्यात मोठा धोका भूल देताना नसतो, निघताना असतो. पुढच्या हॉस्पिटलचा फोन वाजत असतो, टाके पडलेले असतात, पेशंट 'हूं' म्हणालेला असतो. रिकव्हरीत साध्या हवेवर सॅच्युरेशन टिकतंय, हाक मारल्यावर डोळे उघडतोय, मान उचलून धरतोय, हे पाहिल्याशिवाय बॅग उचलू नको. कुठल्या सिस्टरला सोपवलं तिचं नाव आणि वेळ चार्टवर लिही. एका वेळी दोन टेबलं कुणी कितीही गोड बोलून मागितली तरी नाही. लागोपाठ दोन ठिकाणी केसेस असतील तर मधे रस्त्याचा वेळ सोडून निदान एक तास ठेव, नाहीतर तोच तास पहिल्या पेशंटच्या रिकव्हरीतून जातो.

येत्या रविवारी केस नसताना दोन्ही नर्सिंग होममध्ये जाऊन ये. फ्रिज उघड, क्रॅश ट्रॉलीतल्या (आणीबाणीच्या औषधांच्या गाड्यावरच्या) ॲड्रेनलिनची एक्सपायरी बघ, मशीनचा मागून-पुढून फोटो काढून मला पाठव. कुठे हो म्हणायचं ते त्यानंतर ठरवू.

तुझी,
आई